चार्ल्स कॉगलिन

चार्ल्स एडवर्ड कॉगलिन (जन्म : २५ ऑक्टोबर १८९१, हॅमिल्टन, कॅनडा, मृत्यू : २७ ऑक्टोबर १९७९, ब्लूमफील्ड हिल्स, मिशिगन, अमेरिका) हे कॅनडात जन्मलेले अमेरिकन रोमन कॅथलिक धर्मगुरू आणि नभोवाणीवरील राजकीय वक्ते होते. ‘रेडिओ प्रीस्ट’ म्हणजे नभोवाणीवरचा पाद्री या नावाने ते ओळखले जात. १९२६ ते १९४० या काळात मिशिगन राज्यातील रॉयल ओक या गावातून त्यांची भाषणे प्रसारित होत असत. महामंदीच्या काळात अमेरिकेची लोकसंख्या सुमारे १२ कोटी होती आणि त्यांच्या श्रोत्यांची संख्या त्या वेळी तीन कोटींपर्यंत गेली असावी असा अंदाज केला जातो. श्रोते मोजण्याची शास्त्रीय पद्धत तेव्हा बाल्यावस्थेत होती, त्यामुळे हा आकडा अंदाज म्हणूनच घ्यावा. बेकार व कर्जबाजारी लोकांची बाजू मांडणारा वक्ता म्हणून त्यांचा उदय झाला. पुढे ते उघड ज्यूद्वेषाकडे आणि युरोपातील हुकूमशहांच्या समर्थनाकडे वळले. अमेरिकेत उजव्या विचारांच्या नभोवाणी वक्त्यांची जी परंपरा पुढे निर्माण झाली, तिचे पूर्वसूरी म्हणून अनेक अभ्यासक त्यांचा उल्लेख करतात.

त्यांच्या आडनावाचे इंग्रजी वर्णलेखन पाहून ‘कफलिन’ किंवा ‘कॉफलिन’ असा उच्चार केला जाण्याचा संभव आहे. प्रचलित उच्चार ‘कॉगलिन’ असा आहे आणि तोच या लेखात वापरला आहे.

बालपण आणि शिक्षण

कॉगलिन यांचे आईवडील आयरिश वंशाचे कॅथलिक होते. वडील थॉमस यांनी तरुणपणी उत्तर अमेरिकेतील महासरोवरांवर चालणाऱ्या आगबोटींवर काम केले होते. पुढे ते कॅनडातील ओंटारिओ प्रांतात हॅमिल्टन या औद्योगिक शहरात स्थायिक झाले. आई अमेलिया अत्यंत धर्मनिष्ठ होत्या. त्यांची एक मुलगी तान्हेपणीच दगावली. त्यामुळे चार्ल्स हे घरातील एकुलते एक अपत्य राहिले. मुलाने धर्मगुरू व्हावे ही आईची फार पूर्वीपासूनची इच्छा होती आणि त्यांचे बालपण चर्चच्या आवारातच गेले.

टोरांटो विद्यापीठाच्या सेंट मायकेल्स महाविद्यालयातून १९११ मध्ये त्यांनी पदवी घेतली. हे महाविद्यालय बॅझिलियन या धर्मसंघाचे होते. अध्यापन हे या संघाचे मुख्य कार्य होते आणि गरिबांच्या आर्थिक प्रश्नांचा धार्मिक दृष्टीने विचार करण्याकडे त्यातील धर्मगुरूंचा कल होता. व्याज घेणे हे पाप होय, या मध्ययुगीन ख्रिस्ती शिकवणुकीचे स्मरण तेथे आवर्जून ठेवले जाई. कॉगलिन यांच्या पुढील आयुष्यातील सावकारांविषयीचा आणि बँकांविषयीचा राग समजून घ्यायचा असेल, तर या संस्कारांकडे दुर्लक्ष करता येत नाही. २९ जून १९१६ रोजी त्यांना टोरांटो येथे गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतर त्यांनी डेट्रॉइट नदीच्या कॅनडाकडील तीरावर विंडसरजवळील असम्प्शन महाविद्यालयात काही वर्षे अध्यापन केले. रविवारी ते नदी ओलांडून डेट्रॉइटमधील चर्चमध्ये प्रवचनासाठी जात आणि त्यांच्या वक्तृत्वाची चर्चा प्रथम तेथेच सुरू झाली.

बॅझिलियन संघाने आपले नियम कडक करून अपरिग्रहाचे व्रत सक्तीचे केले, तेव्हा कॉगलिन यांनी संघ सोडणे पसंत केले. १९२३ मध्ये ते डेट्रॉइट धर्मप्रांताचे धर्मगुरू झाले. तेथील बिशप मायकेल गॅलघर यांची त्यांच्यावर मर्जी बसली. हे नाते पुढे निर्णायक ठरले, कारण कॅथलिक धर्मगुरूला जाहीर वक्तव्यापासून रोखण्याचा अधिकार प्रथम त्याच्या बिशपकडे असतो, आणि गॅलघर यांनी हा अधिकार अखेरपर्यंत वापरला नाही.

रॉयल ओक आणि नभोवाणीवरील आरंभ

लिज्यूच्या संत तेरेजा यांना १९२५ मध्ये संतपद देण्यात आले होते. ‘लहानगे फूल’ या प्रेमळ नावाने त्या ओळखल्या जातात. त्यांच्या नावाने एक मंदिर उभारण्याचे बिशप गॅलघर यांच्या मनात होते. १९२६ मध्ये त्यांनी ही कामगिरी कॉगलिन यांच्याकडे सोपवली आणि डेट्रॉइटच्या उत्तरेला असलेल्या रॉयल ओक या उपनगरात त्यांची नेमणूक केली. तेथे कॅथलिक कुटुंबे मोजकीच होती. परिसरात कू क्लक्स क्लॅन या संघटनेचा जोर होता. ही संघटना कृष्णवर्णीयांप्रमाणेच कॅथलिक आणि ज्यू लोकांचाही द्वेष करीत असे. लाकडी चर्च उभे राहिल्यानंतर थोड्याच दिवसांत तिच्या लोकांनी चर्चच्या आवारात क्रूस पेटवला. पुढे धर्मद्वेषाचा पुरस्कार करणाऱ्या या माणसाने आपल्या कार्याचा आरंभ स्वतः धर्मद्वेषाचा चटका सोसून केला होता, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात वारंवार आठवत राहते.

चर्चसाठी कर्ज काढले होते आणि मूठभर कुटुंबांच्या दानातून ते फिटणे शक्य नव्हते. डेट्रॉइटमधील ‘डब्ल्यूजेआर’ या नभोवाणी केंद्राचे व्यवस्थापक लिओ फिट्झपॅट्रिक यांनी त्यांना प्रवचने प्रसारित करण्याचा मार्ग सुचवला. १७ ऑक्टोबर १९२६ रोजी पहिले प्रसारण झाले. सुरुवातीचे कार्यक्रम मुलांसाठी होते आणि त्यांत बायबलमधील कथा, धर्मशिक्षण व संत तेरेजा यांच्या भक्तीविषयी निरूपण असे. त्यात राजकारणाचा लवलेशही नव्हता.

त्यांचा आवाज भरदार आणि मृदू होता. उच्चारात आयरिश वळण होते आणि ‘र’ हा वर्ण ते लांबवून, घोळवून म्हणत. त्या काळातील बहुतेक वक्ते ध्वनिक्षेपकासमोरही सभेत बोलल्याप्रमाणे ओरडत. कॉगलिन समोर बसलेल्या एकाच माणसाशी बोलल्यासारखे सुरुवात करीत आणि हळूहळू आवाज चढवत नेत. पत्रांतून येणाऱ्या प्रतिसादावरून कोणता विषय लोकांच्या मनाला भिडतो हे त्यांच्या लवकर लक्षात येऊ लागले.

महामंदी आणि राजकीय भाषणांचा प्रारंभ

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. मोटारींवर जगणाऱ्या डेट्रॉइटला मंदीचा तडाखा विशेष जोराने बसला. कारखान्यांतून हजारो कामगार घरी पाठवले गेले, भाडे थकल्यामुळे कुटुंबे रस्त्यावर आली आणि मोफत रस्सा देणाऱ्या केंद्रांपुढे रांगा लागल्या. जानेवारी १९३० मध्ये कॉगलिन यांनी साम्यवादावर हल्ला करणारे भाषण केले आणि तेथून त्यांच्या कार्यक्रमाचे रूप बदलले. साम्यवादाचा धोका का उत्पन्न झाला, या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्यांनी लोभी भांडवलदारांकडे बोट दाखवले. कामगारांना वाऱ्यावर सोडणारे कारखानदारच साम्यवादाला खतपाणी घालतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच वर्षी काँग्रेसच्या चौकशी समितीसमोर साक्ष देताना त्यांनी हेन्री फोर्ड यांच्यासारख्या उद्योगपतीलाही दोष दिला.

१९३० च्या अखेरीस ‘सीबीएस’ या राष्ट्रीय प्रसारण कंपनीने त्यांची भाषणे देशभर ऐकवण्यास सुरुवात केली. जानेवारी १९३१ मध्ये कंपनीने त्यांना एका भाषणाची धार कमी करण्याची सूचना केली. तेव्हा कॉगलिन यांनी ठरलेला विषय बाजूला ठेवून आपले तोंड बंद करण्याचा प्रयत्न कसा होत आहे हेच श्रोत्यांना सांगितले आणि त्यांनी कंपनीकडे निषेध नोंदवावा असे सुचवले. निषेधाच्या पत्रांचा पूर आला. कंपनीने वाद न वाढवता काही महिन्यांनी त्यांचा करार संपू दिला. ‘एनबीसी’ या दुसऱ्या मोठ्या कंपनीनेही त्यांना वेळ दिला नाही.

येथे कॉगलिन यांनी जो मार्ग काढला, तो त्यांच्या कारकिर्दीचा खरा पाया होय. त्यांनी निरनिराळ्या शहरांतील केंद्रांकडून स्वतंत्रपणे वेळ विकत घेतली आणि ती केंद्रे दूरध्वनीच्या तारांनी जोडून स्वतःचे जाळे उभारले. काही वर्षांत या जाळ्यात दोन डझनांहून अधिक केंद्रे सामील झाली. खर्च श्रोत्यांनीच भागवला. लिफाफ्यात घालून पाठवलेल्या एकेका डॉलरच्या नोटांतून ही रक्कम जमत असे. देणगी देणाऱ्याला भाषणाची छापील प्रत मिळे आणि त्याचा पत्ता नोंदवून ठेवला जाई. भरतीच्या काळात आठवड्याला सुमारे ८०,००० पत्रे येत आणि ती उघडण्यासाठी व वर्गवारी करण्यासाठी शंभरावर कारकून कामाला होते. त्यामुळे जाहिरातदार, प्रसारण कंपनी किंवा राजकीय पक्ष यांपैकी कोणाचेही बंधन या वक्त्यावर उरले नाही.

रविवारी दुपारी त्यांचे भाषण लागे. उन्हाळ्यात कॅथलिक वस्तीतील रस्त्यावरून चालत गेले, तरी उघड्या खिडक्यांतून येणाऱ्या आवाजामुळे भाषणातील एकही वाक्य चुकत नसे, अशी आठवण त्या पिढीतील अनेकांनी सांगितली आहे. श्रोत्यांत केवळ कॅथलिक नव्हते. प्रॉटेस्टंट शेतकरी, लहान दुकानदार, कारकून आणि घर किंवा शेत गहाण पडलेली माणसेही त्यांत मोठ्या संख्येने होती. ज्यांचे सर्वस्व गेले होते किंवा उद्या जाईल अशी भीती होती, त्यांना आपली अवस्था कोणीतरी शब्दांत मांडत आहे याचा दिलासा वाटे. हा दिलासा खोटा नव्हता, हे त्यांच्या टीकाकारांनीही लक्षात घेतले पाहिजे.

आर्थिक विचार

कॉगलिन यांच्या मते मंदीचे मूळ चलनव्यवस्थेत होते. अमेरिकेचे चलन सोन्याशी बांधलेले होते आणि पतपुरवठा खासगी बँकांच्या हाती होता. बाजारात पैसा आटला की धान्याचे व मालाचे भाव पडतात, परंतु कर्जाचा आकडा मात्र तेवढाच राहतो. गव्हाचा भाव निम्मा झाला, तर शेतकऱ्याला तेच कर्ज फेडण्यासाठी दुप्पट गहू विकावा लागतो. हे गणित ते अतिशय सोप्या रीतीने समजावून देत, आणि एवढ्यापुरते ते बरोबरही होते. सोन्याची किंमत वाढवावी, चांदीलाही चलनाचा आधार करावे, फेडरल रिझर्व्ह ही मध्यवर्ती बँकव्यवस्था मोडून सरकारी मालकीची बँक स्थापन करावी, अशा त्यांच्या मागण्या होत्या.

अडचण पुढच्या पायरीवर निर्माण होते. चलनाचा आटाव हा धोरणातील दोष म्हणून मांडण्यात त्यांना रस नव्हता. त्यामागे मूठभर बँकवाल्यांचे कारस्थान आहे, असे ते सांगत. आरंभी या कारस्थान्यांत मॉर्गन व मेलन ही ख्रिस्ती नावे असत, आणि त्यांच्याच जोडीला रॉथशिल्ड, कून-लोब अशी ज्यू नावेही येत. कालांतराने दुसऱ्या प्रकारची नावे अधिक येऊ लागली. ‘आंतरराष्ट्रीय बँकवाले’ या शब्दप्रयोगाचा अर्थ श्रोत्याने स्वतःच ओळखावा अशी ही योजना होती.

रूझवेल्ट यांच्याशी मैत्री व वितुष्ट

१९३२ च्या निवडणुकीत कॉगलिन यांनी अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांच्यावर सातत्याने टीका केली आणि फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा उघड प्रचार केला. पहिल्या महायुद्धातील माजी सैनिक त्याच वर्षी आपल्या बोनससाठी वॉशिंग्टनमध्ये ठाण मांडून बसले होते. त्यांनाही कॉगलिन यांनी ५,००० डॉलर पाठवले. देशासमोर रूझवेल्ट किंवा सर्वनाश एवढे दोनच पर्याय आहेत, अशा आशयाची त्यांची घोषणा प्रसिद्ध झाली. रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ या धोरणाला तर त्यांनी प्रत्यक्ष ख्रिस्ताच्या शिकवणुकीचे रूप मानले.

रूझवेल्ट यांना या पाठिंब्याची किंमत कळत होती, पण तो स्वीकारताना ते सावध होते. त्यांनी कॉगलिन यांना भेटी दिल्या, गोड बोलून ठेवले, परंतु सल्लागार म्हणून जवळ केले नाही. आपण अध्यक्ष घडवला अशी कॉगलिन यांची भावना होती. त्यामुळे ही उपेक्षा त्यांना झोंबली असावी. एप्रिल १९३४ मध्ये अर्थमंत्री हेन्री मॉर्गेंथाऊ यांनी चांदीच्या वायदे व्यवहारातील मोठ्या गुंतवणूकदारांची यादी प्रसिद्ध केली. चांदीच्या पुरस्कर्त्यांचा हितसंबंध उघड करणे हा तिचा हेतू होता. कॉगलिन यांच्या संस्थेच्या पैशांतून त्यांच्या सचिवाच्या नावे ५,००,००० औंस चांदीचे सौदे झाले असल्याचे त्या यादीवरून उघडकीस आले. चांदीचा भाव वाढावा म्हणून नभोवाणीवरून आग्रह धरणाऱ्या धर्मगुरूची संस्थाच चांदीवर बाजी लावून होती. गरिबांच्या एकेका डॉलरचा असा विनियोग झाला, याबद्दल त्यांनी कधी खेद व्यक्त केल्याचे दिसत नाही. उलट मॉर्गेंथाऊ यांच्या ज्यू असण्याकडे सूचक निर्देश करून त्यांनी चांदीचा पुरस्कार चालूच ठेवला.

११ नोव्हेंबर १९३४ रोजी त्यांनी ‘नॅशनल युनियन फॉर सोशल जस्टिस’ या संघटनेची घोषणा केली आणि सोळा तत्त्वे जाहीर केली. मराठी वाचकाला ‘सामाजिक न्याय’ म्हटले की फुले-आंबेडकरी परंपरा आठवते. कॉगलिन यांच्या संज्ञेचा तिच्याशी संबंध नाही. पोप लिओ तेरावे यांचे १८९१ मधील आणि पोप पायस अकरावे यांचे १९३१ मधील अशा दोन परिपत्रकांतून त्यांनी ही संज्ञा व तिचा आशय घेतला होता. पोटापुरते वेतन, कामगार संघटनांचा हक्क, वीज, तेल व बँकिंग यांसारख्या व्यवसायांचे राष्ट्रीयीकरण आणि इतर क्षेत्रांत खासगी मालमत्तेचे रक्षण अशा मागण्या या तत्त्वांत होत्या. त्यांना केवळ डावे किंवा केवळ उजवे म्हणणे का कठीण जाते, हे यावरून कळते. साम्यवादाचा तीव्र विरोध, धर्मसत्तेवरील निष्ठा आणि परराष्ट्रांपासून अलिप्तता या बाबतींत ते आरंभापासून सनातनी होते. आर्थिक मागण्यांचा जहाल भाग पुढे मागे पडला आणि ही दुसरी बाजूच शिल्लक राहिली.

त्यांच्या सामर्थ्याचा सर्वांत ठळक प्रत्यय जानेवारी १९३५ मध्ये आला. अमेरिकेने आंतरराष्ट्रीय न्यायालयात सामील व्हावे असा ठराव सिनेटपुढे होता आणि तो संमत होईल असेच सर्वांना वाटत होते. मतदानापूर्वीच्या रविवारी कॉगलिन यांनी श्रोत्यांना आपापल्या सिनेटरला तारा पाठवण्याचे आवाहन केले. वॉशिंग्टनमध्ये तारांचा खच पडला. २९ जानेवारीला झालेल्या मतदानात ठरावाच्या बाजूने ५२ आणि विरुद्ध ३६ मते पडली आणि दोन तृतीयांश बहुमताअभावी ठराव फेटाळला गेला. अन्य विरोधकांचाही, विशेषतः हर्स्ट यांच्या वृत्तपत्रांचा, यात वाटा होता. तरी एका धर्मगुरूच्या भाषणाने अध्यक्षांचा पराभव झाला, अशीच सर्वत्र भावना झाली.

१९३६ ची निवडणूक

लुइझियानाचे लोकप्रिय सिनेटर ह्यूई लाँग हे रूझवेल्ट यांचे प्रबळ प्रतिस्पर्धी ठरतील अशी चिन्हे होती. सप्टेंबर १९३५ मध्ये त्यांची हत्या झाली. त्यांचे अनुयायी जेरल्ड स्मिथ, वृद्धांना निवृत्तिवेतन मिळावे म्हणून चळवळ करणारे डॉक्टर फ्रान्सिस टाउनसेंड आणि कॉगलिन हे तिघे १९३६ मध्ये एकत्र आले. ‘युनियन पार्टी’ हा नवा पक्ष निघाला आणि नॉर्थ डकोटाचे काँग्रेस सदस्य विल्यम लेम्के यांना अध्यक्षपदाची उमेदवारी देण्यात आली. त्याच वर्षी मार्चमध्ये कॉगलिन यांनी ‘सोशल जस्टिस’ हे साप्ताहिकही सुरू केले होते.

जुलैमध्ये क्लीव्हलंड येथील टाउनसेंड यांच्या अधिवेशनात बोलताना कॉगलिन यांनी आवेशाच्या भरात अंगावरचा कोट व गळ्यातील धर्मगुरूची पट्टी काढून टाकली आणि अध्यक्षांना खोटारडे व विश्वासघातकी ठरवले. चर्चमधूनच नापसंती व्यक्त झाल्यावर त्यांना जाहीर क्षमा मागावी लागली. व्हॅटिकनच्या मुखपत्रानेही टीका केली. कॅथलिक समाजसुधारक मॉन्सिन्योर जॉन रायन यांनी तर नभोवाणीवरूनच त्यांना उत्तर दिले.

लेम्के यांना ९० लाख मते मिळाली नाहीत तर आपण नभोवाणी सोडू, असे वचन कॉगलिन यांनी दिले होते. प्रत्यक्षात सुमारे ८ लाख ९२ हजार, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी मते मिळाली. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत विजयी झाले. कोट्यवधी श्रोते असलेल्या माणसाची अशी फजिती कशी झाली, याचे उत्तर फारसे अवघड नाही. त्याच श्रोत्यांना १९३३ नंतर सरकारी रोजगार, कर्जात सवलत आणि वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनाची हमी मिळू लागली होती. कॉगलिन आणि रूझवेल्ट हे दोघेही आपलेच, अशी त्यांची समजूत होती. निवड करण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी ज्याने काम दिले त्याला मत दिले.

कॉगलिन यांनी निरोपाचे भाषण केले खरे, परंतु जानेवारी १९३७ मध्येच ते परतले. त्याच महिन्यात बिशप गॅलघर यांचे निधन झाले. कॉगलिन यांनी पुन्हा बोलावे ही त्यांची अंतिम इच्छा होती, असे कारण पुनरागमनासाठी देण्यात आले. नवे मुख्य बिशप एडवर्ड मूनी यांना मात्र हे प्रकरण मुळीच रुचत नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी कॉगलिन यांना जाहीर समज दिली.

ज्यूद्वेष

पराभवानंतरचे कॉगलिन अधिक कडवट झालेले दिसतात. मार्च १९३८ मध्ये त्यांनी राजकीय पक्ष रद्द करून व्यवसायगटांच्या आधारे प्रतिनिधी निवडणाऱ्या राज्यव्यवस्थेचा आराखडा मांडला. त्यावर इटलीतील मुसोलिनीच्या राजवटीची छाप स्पष्ट होती. त्याच वर्षी जुलैपासून ‘सोशल जस्टिस’मध्ये ‘प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन’ या पुस्तकाचे क्रमशः प्रकाशन सुरू झाले. ज्यूंच्या जागतिक कटाचा पुरावा म्हणून दाखवले जाणारे हे पुस्तक बनावट असल्याचे १९२१ मध्येच लंडनच्या ‘टाइम्स’ या वृत्तपत्राने सप्रमाण दाखवून दिले होते. कॉगलिन यांनी त्याच्या अस्सलपणाविषयी हमी देण्याचे टाळले आणि त्यातील मजकूर घडणाऱ्या घटनांशी जुळतो एवढेच सांगितले. आरोप करायचा, पण त्याची जबाबदारी घ्यायची नाही, ही त्यांची पद्धत येथे चांगली दिसते.

९ व १० नोव्हेंबर १९३८ रोजी जर्मनीत नाझींनी ज्यूंची सभास्थाने जाळली, दुकाने फोडली आणि हजारोंना छळछावण्यांत पाठवले. २० नोव्हेंबरच्या भाषणात कॉगलिन यांनी हिंसेबद्दल वरवर खेद दाखवून नाझीवाद ही साम्यवादापासून बचाव करण्याची प्रतिक्रिया आहे आणि साम्यवाद ज्यूंनीच वाढवला, असा युक्तिवाद केला. रशियन क्रांतीतील ज्यूंच्या सहभागाविषयी त्यांनी जी माहिती दिली, ती नाझी प्रचारसाहित्यातून आलेली होती. भाषण संपताच न्यूयॉर्कच्या ‘डब्ल्यूएमसीए’ या केंद्राने त्यातील विधाने चुकीची असल्याचे श्रोत्यांना सांगितले आणि पुढील भाषणे प्रसारित करण्यास नकार दिला. त्यानंतर या केंद्राच्या दारात कॉगलिन यांच्या समर्थकांची निदर्शने कित्येक महिने चालू राहिली.

पुढच्याच महिन्यात, ५ डिसेंबर १९३८ च्या अंकात कॉगलिन यांच्या नावाने एक लेख आला. त्यातील कित्येक भाग जोसेफ गोबेल्स यांच्या १९३५ मधील भाषणातून जवळजवळ शब्दशः उचललेले होते. मंदीत पिचलेल्या अमेरिकन माणसाची कैफियत मांडणारा वक्ता आता जर्मनीच्या प्रचारमंत्र्याचा मजकूर आपला म्हणून छापत होता. शिकागोचे कार्डिनल जॉर्ज मुंडेलाइन यांनी कॉगलिन हे कॅथलिक चर्चच्या वतीने बोलत नाहीत, असा स्पष्ट खुलासा केला. बोस्टनचे कार्डिनल विल्यम ओकॉनेल यांनी तर फार पूर्वीपासून त्यांना विरोध केला होता.

त्यांच्या प्रेरणेने १९३८ मध्ये ‘ख्रिश्चन फ्रंट’ ही संघटना निघाली. न्यूयॉर्क व बोस्टनमधील आयरिश वस्त्यांतील तरुण तिच्यात बरेच होते. ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार घालणे, रस्त्यात ज्यूंना अडवून मारहाण करणे असे प्रकार घडू लागले. रेडिओवरील शब्द आणि रस्त्यावरील मार यांतील अंतर किती कमी असते, याचा अनुभव त्या शहरांतील ज्यू कुटुंबांनी घेतला. जानेवारी १९४० मध्ये ब्रुकलिनमधील काही सदस्यांना सरकार उलथवण्याच्या कटाच्या आरोपावरून अटक झाली. न्यायालयात आरोप टिकला नाही. कॉगलिन यांनी आधी त्यांच्यापासून अंग झटकले आणि लगेच त्यांची बाजूही घेतली.

प्रसारण बंद होणे

कॉगलिन यांना सरकारने नभोवाणीवरून हटवले, असा समज आढळतो. तो पूर्णतः बरोबर नाही. ऑक्टोबर १९३९ मध्ये अमेरिकेतील प्रसारकांच्या संघटनेने नवी आचारसंहिता अमलात आणली. वादग्रस्त सार्वजनिक प्रश्नांवरील भाषणांसाठी कोणत्याही एका वक्त्याला वेळ विकू नये, अशा प्रश्नांवर सर्व बाजूंना संधी मिळावी, असे तिचे सूत्र होते. युरोपात महायुद्ध पेटले होते आणि सरकारी निर्बंध येण्यापूर्वी आपणच शिस्त लावावी असा प्रसारकांचा हिशेब होता. विकत घेतलेली वेळ हीच कॉगलिन यांची शक्ती होती. केंद्रांनी करारांचे नूतनीकरण थांबवले आणि १९४० मध्ये त्यांची भाषणे बंद पडली.

साप्ताहिक मात्र चालूच होते. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरल्यानंतरही त्यातून युद्धाचा दोष ब्रिटन, ज्यू आणि रूझवेल्ट यांच्यावर टाकणारे लेखन येत राहिले. एप्रिल १९४२ मध्ये सरकारने टपालातून अंक पाठवण्याची सवलत काढून घेतली. राजद्रोहाचा खटलाही भरता आला असता, परंतु एका धर्मगुरूला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले तर कॅथलिक समाज दुखावेल अशी ॲटर्नी जनरल फ्रान्सिस बिडल यांना चिंता होती. म्हणून त्यांनी मध्यस्थ पाठवून मुख्य बिशप मूनी यांच्याशी बोलणी केली. मूनी यांनी कॉगलिन यांना बोलावून सांगितले की, सर्व राजकीय कार्य थांबवावे किंवा धर्मगुरूपद सोडावे. मे १९४२ च्या आरंभी कॉगलिन यांनी आज्ञा मान्य केली. अध्यक्ष, प्रसारण कंपन्या आणि कार्डिनल यांना न जुमानणारा हा माणूस गुरुदीक्षेच्या वेळी घेतलेले आज्ञापालनाचे वचन मोडू शकला नाही, किंवा त्याने ते मोडायचे नाही असे ठरवले.

उत्तरायुष्य

त्यानंतर चोवीस वर्षे ते रॉयल ओकचे धर्मगुरू म्हणून राहिले. बाप्तिस्मा, विवाह, अंत्यविधी, शाळेची देखरेख असा त्यांचा दिनक्रम होता. अनेक रहिवाशांना ते केवळ आपल्या चर्चचे कर्तबगार, काहीसे करारी फादर म्हणूनच ठाऊक होते. गुरुदीक्षेला पन्नास वर्षे पूर्ण झाली त्या वर्षी, १९६६ मध्ये, ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतर त्यांनी साम्यवादाविरुद्ध आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने केलेल्या सुधारणांविरुद्ध पुस्तिका लिहिल्या. २७ ऑक्टोबर १९७९ रोजी वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. साउथफील्ड येथील होली सेपल्कर दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

अभ्यास आणि साहित्यातील चित्रण

सिंक्लेअर लुईस यांच्या ‘इट कान्ट हॅपन हिअर’ (१९३५) या कादंबरीतील बिशप प्रँग हे पात्र कॉगलिन यांच्यावरून घेतलेले आहे. इतिहासकार ॲलन ब्रिंकली यांनी ‘व्हॉइसेस ऑफ प्रोटेस्ट’ (१९८२) या ग्रंथात लाँग आणि कॉगलिन यांचा एकत्रित अभ्यास केला. दूरच्या, अदृश्य आर्थिक सत्तांपुढे आपले गाव व आपले जीवन हातचे जात आहे, या सामान्य माणसाच्या भीतीत त्यांनी दोघांच्या लोकप्रियतेचे मूळ शोधले. डोनाल्ड वॉरन यांच्या ‘रेडिओ प्रीस्ट’ (१९९६) या चरित्रात द्वेषमूलक नभोवाणीचे जनक म्हणून कॉगलिन यांचे चित्रण आहे. ब्रिंकली यांनी १९३६ पूर्वीच्या कालखंडावर भर दिला, तर वॉरन यांना नंतरचा कालखंड अधिक महत्त्वाचा वाटतो. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली तरच हे व्यक्तिमत्त्व पुरते ध्यानात येते.

वादग्रस्त विषयांवर सर्व बाजू मांडण्याचे बंधन अमेरिकन सरकारने १९४९ मध्ये प्रसारण केंद्रांवर घातले. ते १९८७ मध्ये उठले आणि पुढच्याच वर्षी रश लिंबॉ यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. लिंबॉ यांच्यासारखे नंतरचे निवेदक श्रोत्यांशी दूरध्वनीवरून बोलत, तर कॉगलिन यांच्या काळी हे काम पत्रे करीत. नंतरच्या निवेदकांचा खर्च जाहिरातींतून निघे, ही आणखी एक भिन्नता होय. सर्वच उजव्या निवेदकांना कॉगलिन यांच्या पंक्तीला बसवणे अन्यायाचे होईल, कारण ज्यूद्वेष हा त्यांच्यापैकी बहुतेकांचा विषय नव्हता.

रॉयल ओकचे मंदिर आजही उभे आहे. श्रोत्यांच्या देणग्यांतून बांधलेला त्याचा दगडी मनोरा १९३१ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या दर्शनी भागावर क्रूसावरील ख्रिस्ताची भव्य मूर्ती कोरलेली आहे. मूळ लाकडी चर्च मार्च १९३६ मध्ये आगीत नष्ट झाले. मनोऱ्यालगतच्या अष्टकोनी चर्चला अलीकडे बॅसिलिकाचा दर्जा देण्यात आला असून तेथे नित्य उपासना चालते. कॉगलिन आपली भाषणे याच मनोऱ्यातील खोलीत बसून तयार करीत असत.